पूर्वेकडच्या गोलसमोरची रेघ

१९७३ साली, उन्हाळा सुरू होत असताना, नगरच्या मैदानावर जिल्ह्याच्या हॉकी स्पर्धेचा अंतिम सामना छावणीच्या संघाने शहराच्या संघाविरुद्ध एका गोलने जिंकला. गोल उत्तरार्धात, पूर्वेकडच्या गोलमध्ये झाला. शहराच्या गोलकीपरने चेंडू येताना पाहिला, उजवा पाय बाजूला घेतला आणि चेंडू जाऊ दिला. चेंडू गोलमागच्या फळीवर आपटला. तो आवाज मैदानाच्या चारही बाजूंना ऐकू गेला.

मी तेव्हा शहरातल्या एका दैनिकात वार्ताहर होतो. पुढे लिहिले आहे ते मी स्वतः पाहिलेले आहे, किंवा ज्यांच्याशी संबंधित आहे त्यांना विचारून घेतलेले आहे.

गोलकीपर मराठी शाळेत शिक्षक होता. मूळचा मिरजगावकडचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. शहराच्या संघाकडे गोलकीपरच्या पॅडची एकच जोडी होती आणि ती एका सायकल दुकानात खिळ्याला टांगलेली असे. संघाला कार्यालय नव्हते. काठ्या, पॅड, चेंडू, सगळे त्या दुकानात. संघातून कोण खेळणार हेही तिथेच ठरे. दुकानदार स्वतः कधी खेळला नव्हता. पण त्याने एकही सामना चुकवला नव्हता, आणि त्याच्या मनाविरुद्ध कोणी गोलमध्ये उभे राहिल्याचे उदाहरण नव्हते. त्याला सगळे अण्णा म्हणत.

अंतिम सामना बरोबरीत सुटला तर पुन्हा खेळवायचा, असा तेव्हा नियम होता. त्या वर्षी तो तीनदा खेळवावा लागला. पहिल्या सामन्यात गोल झाला नाही. दुसऱ्यातही नाही. याचे कारण मास्तर होता, याबद्दल छावणीच्या लोकांचेही दुमत नव्हते. पहिल्या सामन्यात त्याने एक चेंडू पडल्या पडल्या टाचेने अडवला. दुसऱ्यात पेनल्टी कॉर्नरवर आलेला चेंडू छातीवर घेतला आणि तो खाली पडायच्या आत काठीने बाहेर काढला. दुसऱ्या सामन्यानंतर लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन भिंगार वेशीपर्यंत नेले. छावणीचा सेंटर फॉरवर्ड त्या मिरवणुकीत काही अंतर चालला.

तिसऱ्या सामन्याला प्रमुख पाहुणे बोलावलेले होते. ते दुष्काळी कामांच्या दौऱ्यावर होते आणि संध्याकाळी त्यांना मिरजगावच्या बाजूला रस्त्याच्या कामावर पोचायचे होते. सामना संपेपर्यंत थांबणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून मास्तरचा सत्कार मध्यंतरात ठेवला गेला. ध्वनिक्षेपकाची वायर मांडवापासून पूर्वेकडच्या गोलपर्यंतच पुरत होती. म्हणून सत्कार त्या गोलसमोर ठेवला गेला.

इथे खेळाचा एक नियम सांगितला पाहिजे. गोलसमोर अर्धवर्तुळाची रेघ असते. खेळाडू तिला सर्कल म्हणतात, प्रेक्षक डी म्हणतात. हल्ला करणाऱ्याने त्या रेघेच्या आत चेंडूला काठी लावली, तरच गोल. रेघेबाहेरून मारलेला चेंडू कोणाला न लागता सरळ आत गेला, तर गोल नाही. असा चेंडू शहाणा गोलकीपर सोडून देतो. तो अडवायला गेले आणि पॅडला लागून चेंडू समोरच्या फॉरवर्डच्या काठीवर गेला, तर त्याचा गोल होऊ शकतो.

दर वर्षी ही रेघ चुना पाण्यात कालवून मारत. त्या वर्षी मैदानावर पाणी मारायला टँकर मिळाला नाही. टँकर खेड्यांवर गेले होते. रेघा चुन्याच्या कोरड्या फक्कीने मारल्या होत्या, फुफाट्यावर.

मध्यंतर झाले. पाहुणे आले, त्यांच्याबरोबरचे लोक आले, आयोजक आले, दुकानदार हार घेऊन आला, आणि त्यांच्यामागे प्रेक्षकांचा लोंढा आत शिरला. शाल, श्रीफळ, हार झाले. गुलाल उधळला गेला. पाहुणे दुष्काळावर बोलले, मग खेळाडूवृत्तीवर बोलले. ते गेल्यावर लोकांना काठ्या आडव्या धरून मागे रेटावे लागले. ते हटले तेव्हा पूर्वेकडच्या गोलसमोर रेघ नव्हती. गुलाबी माती होती आणि चपलांचे ठसे होते.

मध्यंतरानंतर बाजू बदलतात. मास्तर त्या गोलमध्ये आला, त्याने खाली पाहिले, आणि आयोजकांकडे जाऊन म्हणाला, "रेघ मारून घ्या." आयोजक म्हणाले, वेळ झालाय, उजेड जातोय. तो पुण्याहून आलेल्या पंचाकडे गेला. पंचाने घड्याळ पाहिले. सामना सुरू झाला.

गोल झाला तेव्हा मी मैदानाच्या मध्यावर, लिंबाखालच्या टेबलाशी होतो. तिथून चेंडू कुठून मारला हे दिसत नव्हते. मास्तरने फ्री हिटसाठी हात वर केलेला दिसला आणि पंचाने मैदानाच्या मध्याकडे बोट केलेले दिसले, म्हणजे गोल. सामन्यानंतर मी पंचाला विचारले. तो म्हणाला, "रेघ दिसत नव्हती. चेंडू फळीवर लागला. मी गोल दिला." ही तिन्ही वाक्ये मी बातमीत लिहिली. दुसऱ्या दिवशीच्या अंकात ती नव्हती. पाहुण्यांचे भाषण पूर्ण होते. वृत्तसंपादकांना विचारले. ते म्हणाले, "जागा नव्हती."

मास्तरच्या अंगावर त्या संध्याकाळी चपला पडल्या. मध्यंतरात त्याच्या गळ्यात घातलेला हार कोणीतरी गाढवाच्या गळ्यात घालून माळीवाड्यापर्यंत नेला. त्याने पैसे खाल्ले, असे सांगितले जाऊ लागले. कोणी दिले, का दिले, हे कोणी सांगितले नाही. दुकानदाराने पॅडची जोडी त्याच्याकडून काढून घेतली आणि एक फाटकी चप्पल बांधून खिळ्याला उलटी टांगली. ती वर्षभर तशीच होती. शाळेत मास्तर बाकांमधून चालला की पोरे पाय आत ओढून घेत आणि हसत. हेडमास्तरांनी पोरांना काही म्हटले नाही. ते स्वतः सामन्याला होते.

पुढच्या वर्षी स्पर्धेच्या तोंडावर एका संध्याकाळी मी त्या दुकानात होतो. आदल्या मोसमाच्या आठवणी चालल्या होत्या. हे रोजचे होते. दुकानाच्या ओट्यावर दुकानदार ट्यूबला लावायच्या पांढऱ्या पावडरीने मैदान आखायचा, चहाचे पेले खेळाडू म्हणून मांडायचा आणि चेंडू म्हणून सायकलचा एक छर्रा घ्यायचा. पहिला सामना, दुसरा सामना, प्रत्येक अडवलेला चेंडू. तो सांगायला लागला की रस्त्यावरची माणसे थांबत.

"दुसरी मॅच," तो म्हणाला. "पेनल्टी कॉर्नर. ह्यो त्यांचा सरदार. मारला बगा, असा, सुतार रंधा मारतो तसा. आन् मास्तर? छाती! छातीवर घेतला गड्यानं. मी म्हणलं, मेला. तर ह्यो उभा, आन् चेंडू भायेर!"

"त्या दिवशी तू रडलास," सुभेदार म्हणाले. सुभेदार निवृत्त होते, भिंगारला राहत, तरुणपणी छावणीच्या संघाचे फुलबॅक. ते रोज यायचे आणि रोज भांडायचे.

"रडलो. मंग? देव दिसला मला."

"आणि आठवड्यानं देवाला जोडा हाणलास."

लोक हसले. दुकानदार हसला नाही. "देवानं पाय काढल्यावर काय करायचं, सुभेदार? लहान पोरानं बी अडवला असता तो बॉल. हा पाय असा ठेवला असता नुसता. नुसता! कप आमच्या शोकेसात असता. लोक त्याला ऑलिंपिकला पाठवा म्हनत हुते. कशाला, पाय काढायला?"

नेमका तेव्हा मास्तर आला. सायकलची मागची ट्यूब फुटली होती आणि त्या रस्त्याला दुसरे दुकान नव्हते. त्याने सायकल टेकवली. उलटी टांगलेली पॅड त्याच्या डोक्यावरच होती. त्याने वर पाहिले नाही.

"पंक्चर हाय का?" दुकानदाराने विचारले.

"हो."

"बसा. आमी तुमचंच बोलतोय."

"ऐकलं मी. कोपऱ्यावरून ऐकू येतं."

"मंग ऐका की पुढचं. तिसरी मॅच."

"अण्णा, पंक्चर काढा. मला घरी जायचंय."

सुभेदार म्हणाले, "नाही. बस. आज सगळं मांडू दे त्याला. अण्णा, मांड."

दुकानदाराने पूर्वेकडचा गोल मांडला. पावडरीने अर्धवर्तुळ नीट काढले. त्याचा हात चांगला होता. मग तो मध्यंतरावर आला आणि त्याच्या आवाजात अभिमान आला. "मध्यंतर. पाव्हनं आलं इथनं. मागनं आमी. हार माझ्या हातात, लई मोठा, झेंडूचा. मास्तर इथं उभा." त्याने एक पेला अर्धवर्तुळाच्या कडेवर ठेवला. "पाव्हनं इथं. माईक इथं. मंग आमी सगळे..." त्याने दोन्ही हातांनी उरलेले पेले पुढे सरकवले. "गुलाल!" त्याने पावडरीची चिमूट उडवली. "काय दिस हुता तो."

"आता मागं घे," सुभेदार म्हणाले.

"काय?"

"पेले मागं घे. मध्यंतर संपलं. खेळ सुरू."

दुकानदाराने पेले मागे ओढले. ओट्यावर पांढरा फराटा राहिला होता.

"आता तुझ्या त्या छर्ऱ्याचा गोल दाखव. कुठून मारला?"

"इथनं."

"आत की बाहेर?"

"आत."

"रेघ दाखव."

दुकानदाराने ओट्याकडे पाहिले. बाकीच्यांनीही पाहिले. समोरच्या गिरणीचा पट्टा फडफडत होता.

मग दुकानदार चिडला. त्याचा चेहरा लाल झाला. "हे काय, सुभेदार? ही पावडर हाय. मैदानावर काय आमी रेघ पुसली काय? पंचाला डोळं न्हाईत? त्यानं बगायचं न्हाई?"

"पंचाला मी सांगितलं होतं," मास्तर म्हणाला. "आयोजकांना सांगितलं होतं. खेळ सुरू व्हायच्या आधी. तुम्ही मागे उभे होतात, अण्णा. तुम्ही ओरडलात, मास्तर, लई नखरे नको, उभा रहा."

"मी न्हाई वरडलो."

"तुम्हीच."

"गर्दी हुती. कुनी बी वरडलं असंल."

"तुमचा आवाज मी ओळखतो. दोन सामने तोच आवाज मागून ऐकत होतो. तेव्हा बरा वाटायचा."

रस्त्यावर थांबलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "पन मास्तर, पाय ठेवला असता तर काय बिघडलं असतं?"

मास्तर त्याच्याकडे वळला. त्याला चिडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. "तुम्हाला सांगतो काय बिघडलं असतं. समोर त्यांचे दोघे टपून उभे होते. पाय ठेवला असता, चेंडू त्यांच्याकडे गेला असता, त्यांनी आत मारला असता, तर तुम्ही म्हणाला असता, बाहेरचा चेंडू सोडायचा एवढी अक्कल नाही याला. मी बरोबर खेळलो. गेलं वर्षभर पोरं माझ्यासमोर पाय ओढून घेतात आणि मी बरोबर खेळलो होतो. रेघ तुमच्या पायाखाली गेली. माझ्या नाही."

"म्हंजी आमी हार घातला ह्यो गुन्हा?" दुकानदार ओरडला. "मान दिला ह्यो गुन्हा? अरे, तुझ्यासाठी झेंडू मार्केटात न्हवता, पाऊस न्हाई पानी न्हाई, मी राहुरीवरनं आनला!"

"आणा ना. सामना संपल्यावर घाला."

"पाव्हन्यांना टाइम न्हवता!"

"मग त्यांना द्यायचा होता हार. त्यांच्या गाडीत."

कोणीतरी हसले. दुकानदाराने त्याच्याकडे पाहिले आणि हसणे थांबले.

सुभेदारांनी तेव्हा एक गोष्ट सांगितली. ती ते वर्षभर बोलले नव्हते. छावणीच्या ज्या खेळाडूने तो चेंडू मारला, तो बदली होऊन जाण्याआधी त्यांच्या घरी जेवायला आला होता. त्याने सांगितले होते, की त्याने चेंडू बाहेरून मारला. तो गोलवर मारलाच नव्हता, आतल्या साथीदाराला दिला होता. साथीदाराची काठी पोचली नाही.

"मंग वरीसभर गप का बसला?" दुकानदाराने विचारले.

"तू विचारलंस कधी? तुला पैसे खाल्ले हेच पाहिजे होतं. आणि मी छावणीचा. मी सांगितलं असतं तर म्हणाला असतास, कप तुमच्याकडं, आता गोड बोलायला काय जातंय." सुभेदारांनी काठी ओट्यावर आपटली. पेले हलले. "आज सांगतोय कारण तू त्याच्या तोंडावर बोललास."

यानंतर जे झाले त्याची मला अपेक्षा नव्हती. दुकानदार उठला, स्टूल ओढले, वर चढला, पॅडची चप्पल सोडवून गटारात फेकली आणि पॅड खाली काढून मास्तरच्या मांडीवर ठेवली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "जाऊ द्या. झालं गेलं. मास्तर, तुला माफ केलं. यंदा गोलमधी तूच."

मास्तरने पॅड मांडीवरून उचलून ओट्यावर ठेवली.

"मला माफी नको."

"मंग काय पायजे?"

"मध्यंतरात मैदानात कोणी येणार नाही. कोणीही. तेवढं झालं तर मी उभा राहतो. नाहीतर दुसरा बघा."

"एवढंच?"

"एवढंच."

दुकानदाराने हात छातीवर ठेवला. "शिंगणापूरच्या देवाची आन. एक मानूस आत येनार न्हाई. आला तर आधी माझ्या अंगावरनं जाईल."

आमच्या भागात ही आण हलकी घेतली जात नाही. ज्या गावात घराला दार लावत नाहीत त्या गावच्या देवाची ती आण असते. मास्तरने पॅड घेतली. पंक्चर काढून झाले. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत. मास्तरने ते ओट्यावर ठेवले आणि गेला.

त्या वर्षी शहराचा संघ पुन्हा अंतिम सामन्यात आला. मास्तर सगळे सामने खेळला. सुरुवातीच्या सामन्यात काही पोरे गोलमागून "पाय, पाय" असे ओरडत होती. दुकानदार जाऊन त्यांना हाकलून आला. नंतर ती ओरडली नाहीत. उपांत्य सामन्यात एक चेंडू बाहेरून आला, मास्तरने पाय काढला, चेंडू फळीवर आपटला, आणि पंचाने फ्री हिट दिली. रेघ स्पष्ट होती. दुकानदाराने टाळ्या वाजवल्या.

अंतिम सामना पुन्हा छावणीशी. पाऊस बरा झाला होता आणि मैदानावर पाणी मारलेले होते, पण आयोजकांनी गेल्या वर्षीची उरलेली फक्की संपवायची म्हणून कोरडीच रेघ मारली होती. मांडव त्याच जागी, वायर तेवढीच. मध्यंतरापर्यंत गोल नव्हता.

मध्यंतराची शिट्टी झाली आणि ध्वनिक्षेपकावर घोषणा झाली. शहराच्या हॉकीसाठी आयुष्यभर झटणाऱ्या ज्येष्ठ कार्यकर्त्याचा या ठिकाणी सत्कार होत आहे. सत्कार सायकल दुकानदाराचा होता.

तो मांडवाच्या कडेला उभा होता. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला होता. त्याला हे आधी माहीत होते की नाही, हे मी नंतर विचारले. तो म्हणाला, "सकाळी सांगितलं. मी म्हनलं, आत नको, हितंच करा. ते म्हनले, माईक तितं हाय." मग म्हणाला, "मी न्हाई गेलो आत. मला नेलं."

दोघांनी त्याच्या दंडाला धरले होते, हे खरे आहे. तो चालत होता, हेही खरे आहे. शाल घातली गेली. हार घातला गेला. त्याच्यामागून लोक आत आले. गुलाल आणलेला होता.

मास्तर मैदानाच्या कडेला उभा राहून पाहत होता. गर्दी हटल्यावर तो पूर्वेकडच्या गोलकडे गेला, वाकला, जमिनीला हात लावून पाहिला. आयोजकांना म्हणाला, "रेघ मारा." आयोजक म्हणाले, "मास्तर, पुन्हा तेच काय?" तो पंचाकडे गेला. या वर्षीचा पंच वेगळा होता. पंच आयोजकांकडे वळला. आयोजक म्हणाले, फक्की संपली.

दुकानदार गळ्यात हार घेऊन तिथेच होता. मास्तरने त्याच्याकडे पाहिले. दुकानदार म्हणाला, "आता चालू दे की. एवढ्या येळंला. दिसतीय थोडी थोडी."

मास्तर गोलरेषेवर बसला. त्याने पॅडचे पट्टे सोडले, पॅड काढली, एकावर एक ठेवली, वर काठी ठेवली. कोणीतरी "पाय काढला!" असे ओरडले आणि ते मैदानभर पसरले. तो लिंबाखालून, माझ्या टेबलाजवळून गेला. मी विचारले, "काही सांगायचंय?" तो म्हणाला, "जागा असेल का?"

सुभेदार त्याच्यामागून उठून गेले.

शहराच्या फुलबॅकने पॅड बांधली आणि तो गोलमध्ये उभा राहिला. शहराने शेवटच्या काही मिनिटांत एक गोल केला आणि सामना जिंकला. दुकानदाराला खांद्यावर घेण्यात आले. मास्तर त्यानंतर त्या मैदानावर खेळला नाही. पुढच्या जूनमध्ये तो बदली मागून आपल्या गावाकडे, कर्जत तालुक्यात गेला.

पूर्वेकडच्या गोलसमोरची रेघ शेवटची शिट्टी होईपर्यंत मारली गेली नव्हती.